पैठणी नक्षीसंच

एकाच कल्पनेतून उमललेल्या, परस्परांशी सुसंगत आकृतिबंधांचा समूह म्हणजे नक्षीसंच. त्याचे उत्तम उदाहरण छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील पैठणच्या पैठणीत आढळते.

रचना : पैठणीत पदर, काठ आणि अंग असे तीन भाग एकमेकांना धरून बेततात. पदरावर बांगडी मोर, मुनिया, कमळ किंवा आसावलीची वेल यांपैकी एखादी आकृती प्रधान असते. काठ बहुधा नारळी. अंगावर त्याच घराण्याची बारीक बुट्टी. रंगीत रेशमाच्या लहान कांड्या ताण्यातून हाताने फिरवून प्रत्येक आकृती विणतात. त्यामुळे हातमागाच्या पैठणीवरील मोर उलट बाजूनेही जवळपास तितकाच सुबक दिसतो. हीच तिची पारख.

बाजारपेठ : पदरावरचा मोर दुपट्ट्यावर, बुट्टी पर्सवर आणि काठ जाकिटावर घेतला, की एका नक्षीतून मालिका उभी राहते आणि ग्राहकाला आपल्या ऐपतीप्रमाणे निवड करता येते. पैठणीला 2010 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. यंत्रमागावरील नकलेपासून अस्सल माल वेगळा ओळखला जाणे आणि विणकराच्या श्रमाला रास्त मोल मिळणे, हेच त्याचे खरे सार्थक.