मिरची येण्यापूर्वीचे तिखट

मिरचीचे लोणचे, ठेचा, सांडगी मिरची हे पदार्थ आपल्याकडे अगदी प्राचीन काळापासून असावेत असे वाटते ना? पण सहाशे वर्षांपूर्वी भारतात मिरचीच नव्हती! तिचे मूळ घर अमेरिका खंड. मेक्सिकोत तिची लागवड हजारो वर्षे होत होती. आशियाकडे, मसाल्यांच्या शोधात निघालेल्या कोलंबसला १४९२-९३ च्या सफरीत कॅरिबियन बेटांवर हे तिखट फळ मिळाले. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतला. मिरची आपल्याकडे आली ती त्यांच्या व्यापारातून.

मग त्याआधी पदार्थ तिखट कशाने करत? मिरे, पिंपळी, आले आणि मोहरी यांनी. ‘मिरची’ हे नावही मिऱ्यांवरूनच पडले. मिऱ्यांच्या वेलाला दमट हवा आणि भरपूर पाऊस लागतो. देशावरच्या कोरड्या गावात तो कसा वाढणार? मिरचीचे रोप मात्र परसात लावले की काही महिन्यांतच फळते. त्यामुळे तिखट विकत न घेताही भाकरीबरोबर तोंडीलावणे मिळू लागले.

फळ नवे होते, पण ते टिकवण्याची रीत इथे तयारच होती. मीठ फळातले पाणी ओढून घेते, लिंबाच्या आम्लात बहुतेक जंतू वाढत नाहीत आणि उन्हाने ओल जाते.

मुलांना घरच्या लोणच्यातील जिन्नसांची यादी करायला सांगा. प्रत्येकाचे मूळ स्थान नकाशावर शोधा. ‘आपले’ कशाला म्हणायचे, यावर वर्गात चांगली चर्चा होईल.