केसांचं खापर

आमच्या सेलूत केस गळाले की खापर फुटतं बोअरच्या पाण्यावर, आणि उपाय आजीच्या हातच्या माक्याच्या तेलाचा. टकलाला ‘खालित्य’ असं भारदस्त नाव देणाऱ्या आयुर्वेदातही माका आहेच, टक्कलही आहेच!

पण 2024 च्या डिसेंबरअखेर गजानन महाराजांच्या शेगाव तालुक्यात, बोंडगाव, कालवड, हिंगणा इकडे डोकं खाजून तीन-चार दिवसांत केस मुठीनं हाती येऊ लागले, बायका-पोरींचेसुद्धा, तेव्हा हसू आटलं. तिथंही आधी बिचाऱ्या पाण्यालाच धरलं. पुढं डॉ. हिंमतराव बावस्करांनी रेशनच्या गव्हातल्या जादा सेलेनियमकडे बोट दाखवलं. आता सांगा, पोळीतून आलेल्या टकलावर वरून तेल चोळून काय होणार?

एप्रिल 2025 मध्ये त्याच गावांत नखं गळू लागली. नखांना काय चोळायचं, ते मात्र आजीनं सांगून ठेवलेलं नाही.