फेरफार : बदलावर नजर ठेवण्याची मराठवाड्यातील दीडशे वर्षे

(१)
सातबाऱ्यावर आजोबांचे नाव कंसात गेलेले असते. त्याखाली वडिलांचे, काकांचे, आत्याचे नाव येते आणि शेजारी एका लहानशा वर्तुळात एक आकडा असतो. नावे सगळेच वाचतात, त्या आकड्याकडे मात्र फार थोड्यांचे लक्ष जाते. तो फेरफार क्रमांक होय. नोंद केव्हा बदलली, कोणत्या कारणाने बदलली आणि कोणी मंजूर केली, हे सारे त्या आकड्यामागे दडलेले असते. आजचा धागा त्या आकड्याचा इतिहास सांगणारा आहे. नांदेड-लातूरच्या दप्तरापासून निघून तो लिनक्सच्या गाभ्यापर्यंत जाणार आहे, कारण दोन्हीकडे प्रश्न एकच होता : साठवून ठेवलेली नोंद बदलली, हे कळावे कसे?

(२)
आधी पार्श्वभूमी. नांदेड आणि लातूर हा सारा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. लातूर त्या काळी स्वतंत्र जिल्हा नव्हता. तो उस्मानाबादचा भाग होता आणि १६ ऑगस्ट १९८२ रोजी वेगळा झाला. दिवाण पहिले सालारजंग यांनी १८६५ मध्ये जिल्हाबंदी केली, म्हणजे महसुलाची मक्तेदारी मोडून पगारी अधिकाऱ्यांचे जिल्हे-तालुके उभे केले. पुढे मुंबई इलाख्याच्या धर्तीवर जमिनीची मोजणी झाली. शेताला नंबर मिळाला, नंबराला आकार मिळाला. पुढे १३१७ फसलीचा हैदराबाद जमीन महसूल कायदा आला. फसली सनात ५९० मिळवले की इसवी सन येते, म्हणजे हा कायदा १९०७ च्या सुमाराचा.

(३)
या दप्तराची एक खासियत लक्षात ठेवावी. गावपातळीवर मराठी, तीही बहुधा मोडी लिपीत, आणि वरच्या कचेरीत आधी फारसी व १८८४ पासून उर्दू. एकाच शेताची हकीकत दोन लिप्यांत विभागली गेली. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीसाठी मराठवाड्यातील जुने अभिलेख तपासायला घेतले, तेव्हा मोडी आणि उर्दू वाचणारी माणसे शोधावी लागली, ती याच कारणाने. कागद शाबूत असूनही वाचणारा नसेल, तर तो कागद अर्धा हरवलेलाच असतो.

(४)
आता मूळ प्रश्नाकडे येऊ. मोजणी एकदा होते, पण शेत रोज बदलते. कोणी मरतो, कोणी विकतो, कोणी गहाण टाकतो, कोणी कूळ म्हणून कसू लागतो. या बदलावर नजर ठेवण्याचा सर्वांत जुना मार्ग म्हणजे पाहणी. पटवारी हंगामात शिवारात फिरे, कोणत्या नंबरात कोण कसतो, काय पेरले आहे हे बघे आणि पाहणी पत्रकात लिही. मराठवाड्यातील जमिनीच्या वादात आजही खासरा पत्रक आणि पाहणी पत्रक पुढे ठेवले जाते, ते या परंपरेतूनच आलेले.

(५)
संगणकाच्या भाषेत या रीतीला पोलिंग म्हणतात. एखाद्या फोल्डरमध्ये काही बदलले का, हे जाणायचे असेल तर ठरावीक अंतराने सगळ्या फायलींची यादी करायची, प्रत्येकीची शेवटच्या बदलाची वेळ पाहायची आणि मागच्या यादीशी ताडून बघायची. रीत सोपी, पण तिचे दोष पटवाऱ्याला ठाऊक असलेलेच. फेऱ्या वाढवल्या तर श्रम वाढतात, कमी केल्या तर बातमी उशिरा येते. आणि दोन फेऱ्यांच्या मधल्या काळात जे घडून मिटले, ते कधीच दिसत नाही. खरीप आणि रब्बीच्या मधे एखाद्याला हुसकावून पुन्हा आणून बसवले असेल, तर पाहणीच्या कागदाला त्याचा पत्ता नसतो.

(६)
दुसरा मार्ग याच्या उलट दिशेचा. आपण विचारायला जायचे नाही. बदल घडेल तेव्हा त्याची खबर आपल्याकडे यावी. महसुली मराठीत या खबरेला नेमका शब्द आहे : वर्दी. मुंबई इलाख्यात १९०३ च्या कायद्याने हक्कनोंदणीची पद्धत सुरू झाली. हैदराबादेत त्या स्वरूपाचा हक्कनोंदणीचा नियम १३५८ फसलीचा, म्हणजे १९४८-४९ चा. सन नीट पाहा. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान भारतात विलीन झाले आणि पाठोपाठ हा नियम आला. १९५० मध्ये कूळकायदाही आला. सत्ता बदलली तेव्हा आधी कोणती वही उघडावी लागते, हे यावरून कळते.

(७)
१ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्रात. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ ची, ती १५ ऑगस्ट १९६७ पासून लागू झाली. तिच्या कलम १४९ नुसार ज्याला जमिनीत हक्क मिळाला, त्याने तीन महिन्यांत तलाठ्याला वर्दी द्यायची आणि तलाठ्याने पोच द्यायची. कलम १५० नुसार तलाठी ती फेरफार नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना ६ मध्ये, लिहितो. तिची प्रत चावडीवर लावतो आणि संबंधितांना नोटीस देतो. कोणी हरकत घेतली तर प्रकरण नमुना ६-अ या वादग्रस्त प्रकरणांच्या वहीत जाते. अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित केली, मगच सातबाऱ्यावर नाव बदलते. वर्दी, पोच, नोटीस, हरकत, प्रमाणन : एका बदलाला या पाच पायऱ्या चढाव्या लागतात.

(८)
संगणकाच्या जगात हीच वाट उशिरा सापडली. लिनक्सच्या २.४ आवृत्तीत २००१ मध्ये डीनोटिफाय आले. त्यात पाळत फक्त फोल्डरवर ठेवता येई आणि खबर येई ती इतकीच, की आत काहीतरी बदलले. काय बदलले, ते पुन्हा सगळे धुंडाळून पाहावे लागे. म्हणजे वर्दी येऊनही पाहणी चुकत नसे. ऑगस्ट २००५ मध्ये २.६.१३ आवृत्तीत आयनोटिफाय आले. त्याचे कर्ते जॉन मॅककचन आणि रॉबर्ट लव्ह. आता खबरेसोबत फाइलचे नाव आणि बदलाचा प्रकार येऊ लागला. मॅकसाठी एफएसइव्हेंट्स २००७ मध्ये आले, विंडोजची स्वतःची सोय आहेच. पायथनमधील वॉचडॉगसारखी लायब्ररी या सगळ्यांवर एकच दरवाजा बसवते. तुम्ही फोल्डर सांगायचे, आणि निर्माण होणे, बदलणे, पुसले जाणे, हलवले जाणे या घटनांवर काय करायचे ते लिहायचे. बाकी राखण ती करते.

(९)
यातली एक घटना सातबाऱ्याशी विलक्षण जुळते. फाइलचे नाव बदलले की आयनोटिफाय दोन खबरा देते : एक जुन्या नावावरून गेल्याची, दुसरी नव्या नावावर आल्याची. दोन्हींवर एकच क्रमांक असतो. तो जुळला तरच कळते की एक फाइल मेली आणि दुसरी जन्मली असे नसून, एकच वस्तू या नावावरून त्या नावावर गेली. सातबाऱ्यावर जुने नाव कंसात जाते, नवे नाव खाली येते, आणि दोघांना बांधणारा आकडा म्हणजे आपला वर्तुळातला फेरफार क्रमांक. तो पुसला गेला, तर आजोबा आणि नातू यांच्यातला दुवा कागदावरून तुटतो.

(१०)
वर्दीच्या पद्धतीलाही मर्यादा आहेत, आणि त्या पाहायच्या तर किल्लारीला जावे लागते. ३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जनानंतरची पहाट, वेळ ३ वाजून ५६ मिनिटे. औसा तालुक्यातील किल्लारी, उस्मानाबाद जिल्ह्यातील सास्तूर आणि भोवतालची गावे काही क्षणांत ढिगारा झाली. आठ ते दहा हजार माणसे गेली. आता फेरफार वहीच्या नजरेने पाहा. प्रत्येक खातेदाराचा मृत्यू म्हणजे एक वारसाची वर्दी. पण काही घरांत वर्दी द्यायलाच कोणी उरले नव्हते. काही ठिकाणी बाप आणि मुलगा एकाच पहाटे गेले. आधी कोण गेला, यावर वारस कोण हे ठरू शकते, आणि ते सांगणारा साक्षीदारही मातीखाली.

(११)
आयनोटिफायच्या रांगेत साधारणपणे १६,३८४ खबरा मावतात. त्याहून जास्त एकदम आल्या तर रांग ओसंडते आणि शेवटी एकच संदेश येतो : काही खबरा हरवल्या. मग एकच उपाय उरतो. खबरांवर विसंबणे सोडून सगळे पुन्हा मोजायचे. भूकंपानंतर तेच करावे लागले. घरोघर, माणसागणिक मोजदाद, पडझडीचे पंचनामे आणि त्यावरून पुनर्वसन. अनेक गावे नव्या जागी वसली. नाव जुनेच राहिले, ठिकाण बदलले. आयनोटिफायचीही एक गंमत आहे : पाळतीतले फोल्डर दुसरीकडे हलवले तरी पाळत त्याच्यासोबत जाते, पण आपल्याजवळ लिहून ठेवलेला पत्ता मात्र खोटा ठरतो. किल्लारीच्या पिढीने तो खोटा ठरलेला पत्ता प्रत्यक्ष जगून पाहिला.

(१२)
आणखी एक आंधळी जागा. फोल्डर दुसऱ्या संगणकावर असेल आणि बदल तिकडूनच झाला, तर आपल्या आयनोटिफायला त्याची वार्ता नसते. जमिनीचेही तसेच. खरेदीखत होते दुय्यम निबंधकाच्या कचेरीत, वही असते तलाठ्याकडे. म्हणून कलम १५४ ने निबंधकावर जबाबदारी टाकली की त्याने हस्तांतरणाची खबर द्यावी. ई-फेरफार प्रणालीत हा निरोप आता संगणकावरून जातो. चावडीवरची नोटीसही ‘आपली चावडी’ या संकेतस्थळावर दिसते. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला.

(१३)
मग पाहणी संपली का? मुळीच नाही. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकरी स्वतः मोबाइलवरून पिकाचे छायाचित्र काढून नोंद करतो. एका हाताने वर्दी, दुसऱ्या हाताने पाहणी. अनुभवी प्रोग्रामरही हेच करतो : खबरा ऐकतो, पण अधूनमधून सारे फोल्डर नव्याने तपासतो. खबर चुकू शकते, आणि फेरी उशिरा येऊ शकते. दोन्ही मिळूनच नोंदीवर भरवसा बसतो.

(१४)
शेवटी एक फरक, आणि तोच मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. आयनोटिफाय सांगते की काय बदलले. कोणी बदलले, हे ते सांगत नाही. फेरफार नोंदवही मात्र वर्दी कोणाची, नोटीस कोणाला, मंजुरी कोणाची हे लिहिते. फेरफाराने मालकी जन्मत नाही, हे न्यायालयांनी वारंवार सांगितले आहे. ती मालकी बदलल्याची खबर आहे. पण कलम १५७ नुसार प्रमाणित नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते. म्हणून खोटी नोंद खोडून काढण्याचे ओझे ज्याचे नुकसान झाले त्याच्यावर येते. चावडीवरच्या त्या कागदाचे मोल इथे आहे : तो वेळेत वाचला, तर हरकत घेता येते. नाही वाचला, तर पुढची पिढी कोर्टात हेलपाटे घालते.

(१५)
तेव्हा मित्रहो, पुढच्या सुटीत गावी जाल तेव्हा सातबाऱ्यावरच्या नावांबरोबर वर्तुळातले आकडेही उतरवून घ्या आणि त्या फेरफारांच्या नकला मागा. एखाद्या आकड्यामागे वाटणी निघेल, एखाद्यामागे कर्ज, एखाद्यामागे १९९३ ची ती पहाट. आत्याचे नाव कोणत्या नोंदीने आले आणि कोणत्या नोंदीने गेले, हेही कळेल. राजे-महाराजांचा इतिहास ग्रंथांत मिळतो. आपल्या घराचा इतिहास गाव नमुना ६ मध्ये आहे, आणि तो वाचायला अजून उशीर झालेला नाही.