दस्तरखान, पंगत आणि कोरडा शिधा

अलीकडे शहरोशहरी खाद्यमहोत्सवांचे पेव फुटले आहे. कुठे हुरडा महोत्सव, कुठे मिसळ महोत्सव. नाशिकला तर 2008 साली द्राक्षांच्या मद्याचाही महोत्सव सुरू झाला. त्या पेल्याशी आम्हाला काही कर्तव्य नाही. परंतु पीक हाती आले की चार माणसांनी एकत्र बसून खावे, या कल्पनेशी आहे. ती कल्पना मात्र नवी नाही. हिंगोली जिल्ह्यातील नर्सी नामदेव आणि तिच्या आसपासचा मुलूख घेतला, तरी वर्षभर कुठे ना कुठे जेवणावळ उठतच असते. तिकीट नाही, मंडप ठेकेदाराचा नाही. या जेवणांना इतिहास आहे, आणि त्या इतिहासात आपलाही वाटा आहे.

कयाधू नदीकाठचे नर्सी हे संत नामदेवांचे जन्मगाव. त्यांचा काळ 1270 ते 1350 असा मानला जातो. त्यांच्या दोन आख्यायिका गावातल्या पोराटोरांनाही ठाऊक असतात. पहिली, लहानग्या नामदेवाच्या हट्टापायी विठ्ठलाने नैवेद्य खाल्ल्याची. दुसरी, भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे ते तुपाची वाटी घेऊन धावल्याची. दोन्ही कथा जेवणाच्याच आहेत. देव जेवला पाहिजे आणि कुत्र्यानेही कोरडी भाकरी खाऊ नये, एवढाच त्यांचा अर्थ.

आता याच काळात मराठवाड्यात दुसरीकडे काय चालले होते तेही पाहू. हजरत निजामुद्दीन औलियांचे शिष्य बुऱ्हानुद्दीन गरीब दिल्लीहून दौलताबादच्या परिसरात आले आणि 1337 साली इथेच त्यांचे निधन झाले. खुलताबादला त्यांचा दर्गा आहे. म्हणजे नामदेव हयात असतानाच या भूमीत चिश्ती खानकाह उभी राहिली होती. चिश्ती खानकाहचा प्राण म्हणजे लंगर. येईल त्याला भाकर घालायची, जात-धर्म विचारायचा नाही. निजामुद्दीन औलियांचे गुरू बाबा फरीद. त्यांची वचने आणि नामदेवांची 61 पदे आज एकाच ग्रंथात, गुरू ग्रंथसाहिबात, शेजारी नांदतात. गुरू गोविंदसिंगांनी 1708 साली जिथे देह ठेवला त्या नांदेडला आजही लंगर चालतो. 'लंगर' हा शब्द फारसी आहे, हे आम्ही वर्गात सांगतो तेव्हा मुले चकित होतात.

आता वर्षाचा फेरा पाहू. आषाढीला पंढरपूरला गेलेले वारकरी परतले की आषाढ वद्य एकादशीला नर्सीत परतवारी भरते. त्या दिवशी साबुदाणा आणि भगर, दुसऱ्या दिवशी बारशीची पंगत. पुढे हिंगोलीचा दसरा. तो 1855 पासून खाकीबाबा मठाच्या परंपरेने चालत आल्याचे सांगतात. थंडीत ज्वारीचा हुरडा, संक्रांतीला तीळगूळ. 2 फेब्रुवारीला परभणीला हजरत तुराबुल हक यांचा उर्स. एरवी उर्स चंद्राच्या तारखेने फिरतात. हा मात्र इंग्रजी तारखेला धरून असतो. त्यामुळे तो दरवर्षी सुगीच्या तोंडावरच येतो आणि शेतकऱ्याला सवडीचा पडतो. पाठोपाठ औंढ्याला महाशिवरात्र.

आपले सण मात्र फिरते. हिजरी वर्ष दहा-अकरा दिवसांनी लहान, म्हणून सुमारे 33 वर्षांत प्रत्येक सण सगळे ऋतू पालथे घालतो. आमच्या लहानपणी, 1998 च्या डिसेंबरात, रमजान आला तेव्हा इफ्तारला गरम गुलगुले असत आणि शेजारच्या शेतातून भाजलेला हुरडा येई. 2016 साली तोच रमजान जूनमध्ये होता. तेव्हा टरबूज आणि सरबताशिवाय घसा ओला होत नव्हता. 2030 मध्ये तर एकाच इंग्रजी वर्षात रमजान दोनदा सुरू होईल. मोहर्रमचे चोंगे आणि मलीदा, रजबचे कुंडे, शबे-बरातचा हलवा, ईदचा शिरखुर्मा, सारेच असे फिरत राहतात. पिकाला धरून बसलेले सण आणि चंद्रामागे धावणारे सण यांची दर काही वर्षांनी गाठ पडते, आणि दरवेळी ताटात काही नवे येते.

परंतु एका ताटात जेवणे सोपे नव्हते, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. माळकरी माणूस आपल्या भांड्यातले खाणार नाही. आपल्यापैकी पुष्कळांना प्रसाद घ्यावा की नाही हा प्रश्न पडतो. आपल्या पूर्वजांना हे कळत नव्हते थोडेच! त्यांनी भांडण न करता वाटा काढल्या होत्या. एक वाट कोरड्या शिध्याची. आमच्या दादी परतवारीला शेजारच्या वारकरी घरी कणीक, गूळ आणि डाळ सुपात घालून पाठवीत. चूल त्यांची, धान्य आमचे. ईदला त्या घरून दूध येई आणि आमच्या शिरखुर्म्यात पडे.

दुसरी वाट कंदुरीची. नवस फेडायला हिंदू कुटुंब दर्ग्यावर बोकड घेऊन जाई. मुलाणी बिस्मिल्लाह म्हणून सुरी फिरवी. त्यामुळे ते जेवण दोघांनाही चाले. आधी पिराच्या नावाने फातिहा, मग पंगत. गावगाड्यातील बलुतेदारांच्या अनेक याद्यांत मुलाण्याचे नाव आढळते. त्याला खळ्यावर धान्याचा हक्क होता, तो उगाच नव्हता. गाव एकत्र जेवावे यासाठी त्याची गरज होती.

यातून कोणी आपला धर्म सोडला नाही, कोणी दुसऱ्याचा बाटवला नाही. आपले नियम सांभाळून शेजाऱ्याच्या आनंदात हात घालायचा, ही ती शहाणीव. तिला कोणी महोत्सव म्हटले नाही, म्हणून ती इतिहासाच्या पुस्तकात आली नाही.

आज ती शहाणीव पातळ होत चालली आहे. दोन वर्षांपूर्वी आम्ही पाठवलेली शिरखुर्म्याची वाटी एका घरून झाकलेली तशीच परत आली. मनाला लागले. पण त्याच वर्षी आमच्याही घरात आलेला तीळगूळ न खाता डब्यात पडून राहिला होता, हे आठवले आणि तक्रार ओठांवरच राहिली. वर्गात आम्ही मुलांना वर्षभराच्या सणांचे पदार्थ लिहायला सांगितले. तीसपैकी एकाही वहीत परतवारी नव्हती. एका मुलाने विचारले, "सर, वो लोगां का खाना हम काय कू लिखना?" त्याचा दोष नाही. त्याने सुपातून जाणारा शिधा पाहिलेलाच नाही.

आम्ही त्याला हळदीचे उदाहरण दिले. हिंगोली जिल्ह्यातल्या वसमतच्या हळदीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. "बेटा," आम्ही विचारले, "ही हल्दी पंगतीच्या वरणात पडते आणि तुझ्या अम्मीच्या सालनातही पडते. मग ती कोणाची?" मुलगा हसला आणि वहीत लिहू लागला.

वाचकहो, महोत्सव भरवायला आपल्याजवळ पैसा नाही. पण येत्या आषाढात एक सूप कणीक आणि गूळ शेजारी पोहोचवायला काय लागते? वाटी एकदा परत आली म्हणून दादींनी सूप खाली ठेवले नसते. आम्हीही ठेवणार नाही.