प्रधानमंत्री किसान सन्मान निधी

प्रधानमंत्री किसान सन्मान निधी (संक्षेपात पीएम-किसान) ही शेतजमीनधारक कुटुंबांना थेट उत्पन्न साहाय्य देणारी भारत सरकारची योजना आहे. पात्र कुटुंबास वर्षाला ६,००० रुपये, प्रत्येकी २,००० रुपयांच्या तीन हप्त्यांत मिळतात. योजनेचा संपूर्ण खर्च केंद्र सरकार करते.

पार्श्वभूमी

२०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार देशातील सुमारे ८६ टक्के वहितीखाती दोन हेक्टरांहून लहान होती. हमीभाव, खतांवरील अनुदान व कर्जमाफी यांचा लाभ विक्रीयोग्य माल किंवा बँकेचे कर्ज नसलेल्या शेतकऱ्यापर्यंत पुरेसा पोहोचत नाही. त्यामुळे थेट रोख साहाय्याचा विचार पुढे आला. तेलंगणाने २०१८ मध्ये 'रयतु बंधू' योजनेद्वारे एकरी साहाय्य सुरू केले. ओडिशाच्या 'कालिया' योजनेत वाटेकरी व भूमिहीन कुटुंबांचाही समावेश होता.

केंद्राच्या योजनेची घोषणा १ फेब्रुवारी २०१९ रोजी अंतरिम अर्थसंकल्पात झाली. २४ फेब्रुवारी २०१९ रोजी गोरखपूर येथे तिचा शुभारंभ झाला. मात्र लाभ १ डिसेंबर २०१८ पासून लागू धरण्यात आला.

पात्रता

आरंभी दोन हेक्टरांपर्यंतची मर्यादा होती. जून २०१९ पासून ती काढून सर्व जमीनधारक कुटुंबांना योजना खुली झाली. पती, पत्नी व अज्ञान अपत्ये मिळून एक कुटुंब मानले जाते. जमीन १ फेब्रुवारी २०१९ पूर्वी नावावर असावी लागते. वारसाहक्काने आलेली जमीन यास अपवाद आहे. संस्थात्मक जमीनधारक, आयकरदाते, घटनात्मक पदे भूषविणारे, आजी-माजी आमदार व खासदार, चतुर्थ श्रेणी वगळता सरकारी कर्मचारी, दरमहा १०,००० रुपये वा अधिक निवृत्तिवेतन घेणारे, तसेच डॉक्टर, वकील, अभियंते असे नोंदणीकृत व्यावसायिक अपात्र ठरतात.

अंमलबजावणी

हप्ते एप्रिल-जुलै, ऑगस्ट-नोव्हेंबर व डिसेंबर-मार्च या कालखंडांसाठी दिले जातात. लाभार्थ्यांची निवड व पडताळणी राज्य सरकारे करतात, तर रक्कम आधारशी जोडलेल्या बँक खात्यात जमा होते. ई-केवायसी व भूमी अभिलेखांची जोडणी आवश्यक असून त्यांत त्रुटी राहिल्यास हप्ता थांबतो. अपात्र व्यक्तींना दिलेली रक्कम वसूल केली जाते.

महाराष्ट्र

महाराष्ट्र शासनाने २०२३-२४ च्या अर्थसंकल्पात 'नमो शेतकरी महासन्मान निधी' योजना जाहीर केली. पीएम-किसानच्या लाभार्थ्यांना तिच्याद्वारे राज्याकडून वर्षाला आणखी ६,००० रुपये मिळतात. तिचा पहिला हप्ता २६ ऑक्टोबर २०२३ रोजी शिर्डी येथून वितरित झाला.

मर्यादा

योजनेचा निकष जमीन कसणे हा नसून जमिनीची मालकी हा आहे. त्यामुळे वाटेकरी, खंडाने शेती करणारे व भूमिहीन शेतमजूर तिच्याबाहेर राहतात. सातबारा उताऱ्यावर मृत पूर्वजाचे नाव कायम असल्यास प्रत्यक्ष कसणाऱ्या वारसाला आधी फेरफार नोंद करून घ्यावी लागते. पतीच्या निधनानंतर वारसनोंद न झालेली स्त्री त्यामुळे अडचणीत येते. महाराष्ट्रात केंद्राच्या यादीवरच राज्याचा लाभ आधारलेला असल्याने अशा कुटुंबांना दोन्ही रकमांना मुकावे लागते.

साहाय्य क्षेत्रानुसार बदलत नसल्याने अल्पभूधारकाच्या उत्पन्नात त्याचा वाटा तुलनेने मोठा असतो. मात्र २०१९ मध्ये ठरविलेली वार्षिक रक्कम महागाईशी जोडलेली नाही. त्यामुळे निविष्ठांचे दर वाढतात तसे तिचे वास्तव मूल्य घटते.