खंडीचं कूळ

फ्रेंच माणसाला नुसतं 'कापूस' म्हणून चालत नाही. तो 'द्यू कोतों' म्हणतो. त्यातला 'द्यू' म्हणजे मुळात 'त्यातला'. जुन्या फ्रेंचमध्ये समोरच्या ठरावीक पावातला वाटा घेतला, तरच हा शब्द लागे, एरवी 'पाव खाल्ला' एवढं पुरे. शतकं गेली, 'त्यातला' याचा अर्थ झिजून 'थोडासा' एवढाच उरला आणि न मोजता येणाऱ्या वस्तूंना तो बहुतेक ठिकाणी सक्तीचा झाला.

वऱ्हाडात ही सक्ती नाही. 'कापूस आणला' म्हटलं की झालं. पण अकोल्याच्या किंवा अमरावतीच्या बाजारात पुढचा प्रश्न येतोच: किती? आणि तिथे माप लागतं.

धान्याची मापं भांड्यांची होती. दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली, सोळा पायल्यांचा मण, वीस मणांची खंडी. आकडे गावोगाव थोडे बदलत. पायली काठोकाठ भरायची की वर शीग लावायची, यावरून खळ्यावर वाद होत. मापणारा पहिल्या मापाला 'एक' म्हणत नसे, 'लाभ' म्हणे. यातली खंडी एवढी मोठी की तिचं भांडं कुणी घडवलं नाही. ती तोंडीच बेरीज होती. म्हणूनच पुढे ती नुसता वीसचा आकडाही झाली: मेंढ्यांची खंडी म्हणजे वीस मेंढ्या. 'खंडीभर कामं पडलीत' म्हणणाऱ्याला तर वीसही अभिप्रेत नसतात.

कापसाला भांडं चालत नाही. दाबला की पायलीत दुप्पट मावतो. त्यामुळे कापसाच्या खंडीला वजनाकडे वळावंच लागलं. मुंबईचा मण २८ पौंडांचा. वीस मणांप्रमाणे खंडी ५६० पौंडांची व्हायला हवी, आणि इतर मालाची ती तशी होतीही. कापसाची मात्र २८ मणांची धरली गेली: २८ गुणिले २८, म्हणजे ७८४ पौंड. आजच्या हिशोबात ३५६ किलो.

पोर्तुगीजांनी या शब्दाचं 'कांदील' केलं, इंग्रजांनी 'कँडी'. गोळ्या-चॉकलेटवाल्या 'कँडी'शी याचं नातं जोडण्याचा मोह होतो, पण ती खडीसाखरेच्या 'खंड'मधून आलेली. १८८६च्या हॉब्सन-जॉब्सन कोशात दोघींच्या नोंदी वेगवेगळ्या आहेत.

वऱ्हाडात कापसाचा व्यापार फोफावला तो अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या दिवसांत, १८६१ ते १८६५. तिथला कापूस अडकला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांना इकडे पाहावं लागलं. मागोमाग आगगाडी आली. खामगावचा फाटा १८७०मध्ये सुरू झाला, पुढच्याच वर्षी बडनेऱ्याहून अमरावतीचा. दर मुंबईत ठरे आणि तो खंडीत बोलला जाई. वजनाच्या आणि तोलाई-अडतीच्या गोंधळावर सरकारी लगाम बसला तोही आधी वऱ्हाडातच: १८८६मध्ये कारंजाचा बाजार नियंत्रणाखाली आला आणि १८९७मध्ये वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजारांचा स्वतंत्र कायदा झाला. देशात असा कायदा हा पहिलाच.

स्वातंत्र्यानंतर पहिल्या पंचवार्षिक योजनेतल्या कापसाच्या गाठी ३९२ पौंडांच्या होत्या, बरोबर अर्धी खंडी. १९५६च्या कायद्याने दशमान वजनं आणली. साठच्या दशकात शेर-पायली बाजारातून उठली, पुढे गाठ १७० किलोंची झाली. खंडी तेवढी राहिली. माझ्या मते ती राहिली, कारण तिला बदलण्यासारखं काही नव्हतंच. भांडं नाही, तराजूत टाकायचा दगड नाही. कायद्याने जप्त काय करायचं? रुईचे, म्हणजे सरकी काढलेल्या कापसाचे, दर आजही खंडीतच निघतात. मुंबईच्या एमसीएक्स वायदे बाजाराने तर २०२३मध्ये गाठीचा भाव सोडून खंडीचा धरला. एक सौदा ४८ खंडींचा.

खंडीतल्या या भावाची झळ कास्तकाराला लागते. तो विकतो कापूस, तोही क्विंटलने. भाव फुटतो रुईचा, खंडीने. मधे जिन आहे आणि सरकी आहे. क्विंटलभर कापसातून साधारण ३४ किलो रुई निघते, म्हणजे एका खंडीला साडेदहा क्विंटलच्या आसपास कापूस लागतो. टीव्हीवर खंडीचा भाव वाढला की बाजारात गाडी घेऊन आलेल्याने आधी त्याला साडेदहाने भागायचं, मग सरकीची किंमत मिळवायची, मग जिनिंगचा खर्च वजा करायचा, ओलाव्याची कटती धरायची, आणि हे सगळं बोली सुरू होण्याआधी. अडत्याला हा हिशोब तोंडपाठ असतो.