खुराकाचा हिशेब

मित्रहो, तालीम म्हटली की तुमच्या डोळ्यांपुढे लाल माती, लंगोट आणि शड्डू उभे राहत असतील. मला मात्र आधी आठवते ती आमच्या वस्तादांची दगडी कुंडी. तिच्यात बदाम रगडले जात.

१९८०च्या दशकाच्या सुरुवातीला, बारा-तेरा वर्षांचा असताना, अब्बांनी मला कोल्हापुरातल्या आमच्या पेठेतल्या तालमीत नेले. माझे हातपाय पाहून पोरे हसली. वस्ताद हसले नाहीत. त्यांनी विचारले, "सकाळी काय खाल्लंयस?" मी म्हटले, "चहा आणि बटर." मग ते अब्बांकडे वळले. "टेलर मास्तर, मेहनत मी करून घेतो. दुधाचं कसं करायचं, ते आधी ठरवूया."

आज या कामाला कोचिंग म्हणतात, आहाराचा तक्ता करून देतात. पण मेहनतीआधी खुराकाची सोय, हे कोल्हापूरचे जुने शहाणपण आहे. राजर्षी शाहू महाराजांनी ते संस्थानाच्या कारभारातच आणले. १९०२ च्या युरोप दौऱ्यात त्यांनी रोमचे प्राचीन क्रीडागार पाहिले आणि पुढे खासबागेचे कुस्ती मैदान उभारले. ते १९१२ मध्ये पुरे झाले. मैदान दिसते, म्हणून त्याचे कौतुक होते. पण महाराजांनी मल्लांच्या खुराकाचा भारही दरबारावर घेतला होता, हे तितकेच मोठे काम. १९०१ पासून त्यांनी निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहे काढली. १९०६ मध्ये मुसलमान मुलांचीही सोय झाली. त्यामागचा विचार तोच होता. खेड्यातून आलेल्या पोराला पुस्तक द्यायचे, तर आधी दोन वेळची भाकरी द्यायला हवी.

हा आधार गेल्यावर काय होते, ते खाशाबा जाधवांच्या आयुष्यात दिसते. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल १९४८ साली लंडन ऑलिंपिकला गेला, तेव्हा खर्चाला कोल्हापूरचे महाराज पाठीशी होते. खाशाबा सहावे आले. १९४९ मध्ये संस्थान विलीन झाले. १९५२ ला हेलसिंकीला जायचे, तर वर्गणीसाठी दारोदार फिरण्याची पाळी आली. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यामागे एका शिक्षकाचे गहाण पडलेले घर आहे.

आमच्या वस्तादांजवळ गहाण ठेवण्याजोगे घर नव्हते. पण कोणाच्या घरी दूधदुभते आहे, कोण चहावर दिवस काढतो, याचा हिशेब त्यांना तोंडपाठ होता. ज्या पोराकडे काही नसे, त्याचा पेला ते आपल्या कुंडीतून भरत. रोज्यांच्या महिन्यात मला जोर काढू देत नसत. "उपाशीपोटी घाम गाळलास तर अंगातलंच मांस जातंय," म्हणत, आणि माझी थंडाई मगरिबपर्यंत झाकून ठेवत. ज्या तालमीत गणपती बसे, तिथेच मोहरमचे पंजेही बसत. त्यामुळे यात काही वेगळे घडते आहे, असे कोणालाच वाटत नसे.

माझ्या जोडीला एक शेतकऱ्याचा मुलगा होता. माझ्याहून कितीतरी चपळ, मातीत मासोळीसारखा निसटणारा. एका उन्हाळ्यात त्यांची म्हैस विकली गेली. वस्तादांनी त्याचा पेला भरायला सुरुवात केली. महिनाभर त्याने तो मान खाली घालून घेतला, मग यायचाच बंद झाला. वस्ताद दोनदा त्याच्या गावी जाऊन आले. तो आला नाही. मी पैलवान झालो नाही, याचे मला दुःख नाही. कवितेला दंड लागत नाहीत. तो झाला नाही, याचे आहे.

आज पोरे जिममध्ये जातात, डब्यातली पावडर घेतात, कोणी इंजेक्शनपर्यंत पोचतात. दोष पोरांचा नाही. वजन किती उचललेस, हे त्यांना सगळे विचारतात. मित्रहो, तुमच्या घरातला मुलगा घामाघूम होऊन आला, तर त्याला वस्तादांचा प्रश्न विचारा. आणि उत्तर ऐकून घ्यायला थोडा वेळ त्याच्याजवळ बसा.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)